करपल्याचा वास

बाइंडिंगच्या त्या दुकानात 'करपलं' हा शब्द कुणी सहज उच्चारत नसे. गिऱ्हाईक बोललं तर गोष्ट वेगळी. पण ताईच्या तोंडून तो निघाला की धाकटीने हातात असेल ते टाकून धावायचं, हा दोघी बहिणींचा लहानपणापासूनचा शिरस्ता. कारण ताईला फिट येण्याआधी पुठ्ठे चिकटवायचा सरस करपल्याचा वास यायचा. शेगडीवर सरस असो नसो, शेगडी पेटलेली असो की थंडगार पडलेली, वास येणार म्हणजे येणार. पाठोपाठ पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं, उगाचच भीती दाटून यायची, आणि मिनिटभरात फिट. तेवढ्या मिनिटात धाकटी तिच्या हातातली सुई काढून घ्यायची, तिला जमिनीवर आडवं करायची, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायची. फिट येऊन जायची, ताई झोपायची, आणि उठल्यावर पहिला प्रश्न विचारायची, "माझी शिवण कुठपर्यंत आली होती गं?"

शिवण म्हणजे जुजबंदी. पानांच्या जुड्या दोऱ्याने एकमेकींना जोडत जायच्या. त्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटीकडे बाकीचं सगळं: गिऱ्हाइकं, फोन, कव्हरावरची सोनेरी अक्षरं, आणि मुख्य म्हणजे कटिंग मशीन. लांबच्या लांब पात्याचं ते धूड वडिलांनी घेतलेलं. गठ्ठा नीट ठोकून पात्याखाली ठेवायचा, वरचं चाक फिरवून दाबायचा आणि दांडा खाली ओढायचा. एका दमात कडा साफ. त्या मशीनपासून ताईने चार हात लांब राहायचं, हा दुसरा शिरस्ता. गोळ्या लागू पडल्यापासून फिटा क्वचितच यायच्या, पण क्वचित म्हणजे काय ते पात्याला कुठे कळतं!

अशात धाकटीचं लग्न ठरलं. चाळिशी उलटल्यावर! नवरदेव म्हणजे विजेचं मीटर बघायला येणारा माणूस. आधी तो दोन महिन्यांनी यायचा. मग महिन्याने यायला लागला. मग आठवड्याने. एवढी वीज जळत नव्हती हो दुकानात, पण मीटरवाला आपला टॉर्च घेऊन हजर. शेवटी ताईच म्हणाली, "अगं धाकटे, हा माणूस मीटर बघतोय की तुला?" बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, स्वभावाने गरीब, बोलायला कमी. त्याने एकदाचं विचारलं, धाकटीने हो म्हटलं, आणि नोंदणी कचेरीतली तारीखही मिळाली.

ताईला सांगताना धाकटी धास्तावली होती. आता ही रडेल, आदळआपट करेल, 'मला कुणाच्या भरवशावर टाकून चाललीस' म्हणेल. ताई काय म्हणाली? "बरं झालं बाई, सुटले एकदाची तुझ्या कटकटीतून!" आणि हसत हसत खळ ढवळायला गेली. एवढंच. खरं तर धाकटीने इथे सुटकेचा निःश्वास टाकायचा. पण छे! तिच्या मनात पाल चुकचुकली. जिच्यासाठी आपण आयुष्य या चार भिंतींत काढलं, ती इतक्या सहज सोडते कशी?

आणि एका सकाळी ताई म्हणाली, "करपलं."

धाकटी फोनवर होती. फोन टाकून धावली, सुई काढून घेतली, ताईला आडवं केलं, स्वतःचं जाकीट घडी करून डोक्याखाली दिलं आणि तिचा हात धरून बसली. बसली ती बसलीच. काही झालं नाही. ताई छताकडे बघत पडून राहिली आणि मग ओशाळून म्हणाली, "येत नाहीये गं. पण वास आहे."

"अजून?"

"हो. आणि पोटातलंही आहे. भीती वाटतेय."

चहाच्या वेळी विचारलं, तर आहे. जेवताना, तर आहे. दुकान बंद करताना कुलूप लावता लावता ताई आपणहून म्हणाली, "आहे अजून." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मधेच तास-दोन तास बरं वाटायचं, की पुन्हा सुरू. फिट मात्र एकही नाही.

आता धाकटीला या आजारातलं काय कमी कळत होतं? आयुष्यभर तिने तो बघितला होता, डॉक्टरांनी काय बघितला असेल! तो कसा येतो, कसा जातो, सगळं तिला तोंडपाठ. वास मिनिटभराचा, मग फिट, मग झोप. यात कधी बदल नाही. मग मिनिटभराचा हा पाहुणा आताच कसा पथारी पसरून बसला? आणि तोही नेमका लग्नाच्या तोंडावर? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तरी तिने ताईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्याने विचारलं, "गोळ्या व्यवस्थित चालू आहेत ना?" ताईने तोंड उघडायच्या आत धाकटीच म्हणाली, "हो, हो, अगदी नियमित." डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. आलेख स्वच्छ निघाला. आणि गंमत म्हणजे तारा लावलेल्या असतानाही ताई सांगत होती, "आत्ता येतोय वास, आत्ता." डॉक्टरने आलेख खालीवर बघितला आणि धाकटीला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही ताणतणाव?"

"माझं लग्न आहे," धाकटी म्हणाली.

"हं," डॉक्टर म्हणाला.

त्या एका 'हं'ने घात केला. धाकटीच्या मनात जे कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं, ते आता पाय पसरून मधोमध बसलं. यंत्र काय खोटं बोलेल? यंत्राला काय धाकट्या बहिणीचं लग्न मोडायचंय?

तेव्हापासून ती ताईवर पाळत ठेवायला लागली. तयार रजिस्टरांच्या थप्पीआडून, सोनेरी अक्षरांचा साचा पुसता पुसता, आरशात बघता बघता. आणि बघणाऱ्याला काय, हवं ते दिसतंच. एरवी सकाळची गोळी घेतली की दुपारपर्यंत डुलक्या काढणारी ताई हल्ली टक्क जागी असायची. आजारी माणूस असं असतं का? एकदा तर धाकटी बाहेरून आली, तेव्हा ताई फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होती. एरवी फोन वाजला तरी कानात बोटं घालणारी बाई! धाकटीला बघून तिने गडबडीने फोन ठेवला. "कोण होतं?" तर म्हणे, "चुकून लागला."

आणि कहर म्हणजे कटिंग मशीन. एका दुपारी धाकटी चहा घेऊन आली तर ताई मशीनपाशी. एक हात चाकावर, मान वाकवून पात्याखाली बघतेय. चाहूल लागताच ती चटका बसल्यासारखी मागे सरली.

"काय चाललंय?"

"काही नाही. धूळ होती."

धूळ! ताई आणि मशीनवरची धूळ! धाकटीने चहा बाजूला ठेवून मशीन वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ही मशीनशी काय करत होती? बिघडवत होती? की मुद्दाम बोटबीट कापून घ्यायचा बेत होता, म्हणजे बहीण जन्माची अडकली? असलं मनात आलं याची तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाज वाटून शंका थोडीच जाते! रात्री ताईच्या शेजारी अंथरुणावर पडलं की ती त्या ओळखीच्या पाठीकडे बघत राहायची आणि तिला वाटायचं, हिला आपण ओळखतच नाही.

मीटरवाल्याला तिने सगळं सांगितलं. तो टॉर्चशी चाळा करत म्हणाला, "अहो, पण त्या कशाला खोटं बोलतील?"

"तुम्हाला नाही कळायचं," धाकटी फणकारली. "तुमचं आयुष्य काचेमागचे आकडे वाचण्यात गेलंय."

मग तिने एक डाव टाकला. आता हा डाव चांगला की वाईट ते तुम्हीच ठरवा. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ती खुर्चीत बसली, चेहरा पाडला आणि म्हणाली, "ताई, लग्न मोडलं. मीच नको म्हटलं. तुला असं टाकून मी नाही जाऊ शकत."

हिशेब सरळ होता. ताईला जे हवं होतं ते मिळालं, तर वास जाईल. वास गेला, तर सोंग होतं हे सिद्ध.

ताई एकदम पांढरी पडली. "माझ्यापायी?" ती म्हणाली. "या वासापायी?"

"मग काय तर."

ताईने पुन्हा सुई उचलली. दिवसभर मुकाट शिवत बसली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून चहाही झाला नव्हता, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "धाकटे, वास गेला."

"गेला?"

"अगदी गेला. पोटातलंही गेलं. छान वाटतंय मला. तू त्याला सांग ना, लग्न करायचं म्हणून. रागावला असेल तर मी बोलू का?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सापडली! रंगेहाथ सापडली! इतके दिवस न गेलेला वास एका रात्रीत गेला, आणि वर साळसूदपणे म्हणते कशी, त्याला सांग! तिने चहाचं भांडं ओट्यावर आदळलं. "काही सांगायला नको. लग्न मोडलेलं नव्हतंच. मला फक्त बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"तुला माहितेय काय ते."

ताई दारातून आत आली. मग म्हणाली, "म्हणजे लग्न होणार ना? नक्की?" आणि चक्क हसली. या हसण्याला धाकटीने एकच नाव दिलं: निर्लज्जपणा. त्या दिवसापासून तिने ताईशी कामापुरतं बोलणं ठेवलं. ताई अधूनमधून हातातलं काम थांबवून पोटावर हात दाबून बसायची, ते तिला दिसत होतं. दिसूनही तिने विचारलं नाही. नवीन सोंग असेल, म्हणाली मनाशी.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना ती मीटरवाल्याबरोबर राहायची जागा बघायला गेली. दोन खोल्या, खिडकी चांगली मोठी. मीटरवाल्याने सवयीने आधी जिन्याखालचं मीटर तपासलं, त्यावर धाकटीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसली. परत येताना दुकानासमोर माणसं जमलेली दिसली, आणि ते हसू तिच्या तोंडावर तसंच गोठलं.

वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाईंनी दाण्णकन आवाज ऐकला आणि त्या खाली आल्या होत्या. त्यांनी ताईला कुशीवर वळवून धरलं होतं. मशीनच्या कडेवर आपटून कपाळ फुटलं होतं, रक्त कागदांवर ओघळलं होतं. फिट नुकतीच थांबली होती. पण धाकटीची नजर खिळली ती मशीनवर. पात्याखाली एक गठ्ठा होता. नीट ठोकलेला, कडा जुळवलेला, चाक फिरवून दाबलेला, अगदी कापायला तयार. पातं वरच होतं. दांडा ओढायच्या आधी ताई पडली होती, आणि बाजूला पडली होती. दोन बोटांचं अंतर इकडचं तिकडे झालं असतं तर? धाकटीने जाकीट काढून ताईच्या कपाळावर दाबून धरलं.

इस्पितळात ताईच्या कपाळाला टाके पडले. संध्याकाळ होता होता ती नीट जागी झाली, माणसं ओळखायला लागली, आणि नाक आक्रसून पुटपुटली, "करपतंय."

धाकटी खाटेवर वाकली. "अगं पण गेला होता ना? तू म्हणालीस गेला."

"म्हणाले होते."

"म्हणजे?"

"तू लग्न मोडलं म्हणालीस," ताई डोळे मिटून म्हणाली. "मग काय सांगणार होते मी? आहे म्हणून?"

धाकटीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिने ताईचा हात धरला, तो ताईने सोडवून घेतला नाही, एवढंच.

फिटांच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयस्कर, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी स्टूल ओढलं, धाकटीला हाताने गप्प राहायची खूण केली आणि सगळं ताईच्या तोंडून ऐकून घेतलं. वास कसला, कधीपासून, भीती कशी, मधे थांबतो का, नसताना 'गेला' का म्हटलं. मग विचारलं, "आणि गोळ्या? खरं सांगा हं, मी रागावत नाही."

ताई जरा घुटमळली. "रात्रीची घेते. सकाळची... बंद केली होती."

"का?"

"झोप येते तिने. डोकं जड होतं. आणि मला शिकायचं होतं."

"काय शिकायचं होतं?"

"मशीन चालवायला. फोन घ्यायला. हिचं काम." ताईने धाकटीकडे बघितलं नाही. "ही गेल्यावर माझ्यासाठी रोज धावत यायला नको. नवीन संसार असेल तिचा."

टक्क जागी ताई. चुकून लागलेला फोन. मशीनवरची धूळ. धाकटीने जे जे पुरावे गोळा केले होते, त्यातला एकही खोटा नव्हता, आणि एकही तिला कळला नव्हता. ती खुर्ची ओढून बाईंसमोर बसली. "बाई, आम्ही दाखवलं होतं," ती चाचरत म्हणाली. "तारा लावल्या होत्या. काही निघालं नाही. आणि हिचा वास नेहमी मिनिटभराचा असतो, म्हणून मला वाटलं..."

"बऱ्याच जणांना वाटतं," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनासुद्धा. हे बघा, फिटच्या आधी येणारी जी चाहूल, तिला आम्ही ऑरा म्हणतो. ती काही नुसती सूचना नसते. ती स्वतःच एक लहानशी फिट असते, मेंदूच्या एका कोपऱ्यातली. एरवी ती लगेच विझते, नाहीतर पसरून मोठी होते. क्वचित मात्र विझतही नाही आणि पसरतही नाही. त्याच कोपऱ्यात तास तास, दिवस दिवस धुमसत राहते. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, काम करतो. बघणाऱ्याला काही कळत नाही."

"पण यंत्राला तरी कळायला हवं ना?"

"बंद घराबाहेर रस्त्यावर उभं राहून आतल्या खोलीतली कुजबुज ऐकू येईल का? तसं आहे ते. कोपरा लहान आणि खोल असला तर वरच्या तारांना पत्ताच लागत नाही. आलेख स्वच्छ आला म्हणून माणूस खोटं बोलतो असं होत नाही."

पुढचं त्यांनी सगळं नीट समजावलं. चालू असलेली फिट थांबवायचं औषध आधी शिरेतून थोडं थोडं द्यायचं, श्वासावर लक्ष ठेवत. म्हणून ते इथेच द्यायचं, घरी नाही. त्याने वास ओसरला तर निदान पक्कं होत जाईल. मग सकाळची गोळी पुन्हा सुरू, रक्तातलं प्रमाण तपासून मात्रा ठरवायची, झोप फार येत असेल तर गोळी बदलता येते, पण आपल्या मनाने बंद करायची नाही. काही दिवस जोडीला दुसरी गोळी. डोक्याचा फोटोही काढायचा, त्या कोपऱ्यात नवीन काही नाही ना ते बघायला. "पण औषध पुरलं की नाही हे मला कुठलंही यंत्र सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "ते फक्त या सांगतील. यांनी खोटं सांगितलं, की माझे हात बांधले गेले."

नर्सने इंजेक्शन हळूहळू दिलं. थोडा वेळ गेला. दाराबाहेर मीटरवाला अवघडून उभा होता. तारीख पुढे घेऊ, असं त्याने मघाशीच धाकटीला सांगितलं होतं, पण ताईला ते ठाऊक नव्हतं.

"आता सांगा," बाई म्हणाल्या. "वास आहे?"

ताईने मान वळवून धाकटीकडे बघितलं. धाकटीच्या चेहऱ्यावर ती काहीतरी शोधत होती, आणि काय शोधत होती ते धाकटीला बरोबर कळलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून 'गेला' म्हणाली, त्याआधीही तिने असंच बघितलं असणार. बहिणीला काय ऐकायला हवंय तेच ही सांगणार. धाकटीने कसंबसं रडू आवरलं.

"ताई, माझ्याकडे नको बघूस," ती म्हणाली. "चुकलं माझं. फार चुकलं. लग्न आज ना उद्या होईलच, त्याची काळजी तू करू नकोस. तू फक्त बाईंना सांग." आणि ती उठून खाटेच्या डोक्याशी, ताईला दिसणार नाही अशी मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मग ताईचा बारीक आवाज आला. "आहे. निम्मा झालाय, पण आहे."

इतके दिवस हा 'आहे' ऐकला की धाकटीचं डोकं फिरायचं. आज तिने तो दोन्ही हातांनी झेलला. बाईंनी मान डोलावली, नर्सला खूण केली, आणखी थोडं औषध गेलं. पुन्हा वाट बघणं. ताईचे खांदे उशीत सैल पडत गेले.

"आता?"

"आता नाही," ताई म्हणाली. "भीतीसुद्धा नाही."

बाई पेन हातात धरून थांबल्या. एकदा खोटं सांगितलेल्या माणसाला पुन्हा विचारतात तसं त्यांनी सौम्यपणे विचारलं, "नक्की? की बहिणीसाठी म्हणताय?" आणि त्यांनी ताईच्या डोक्यावरून धाकटीकडे बघितलं.

"खरं सांगतेय ती," धाकटी म्हणाली. तिच्याकडे पुरावा कसलाच नव्हता. ती उभी होती तिथून तिला ताईचा चेहरासुद्धा दिसत नव्हता.